भीती भलत्याच गोळीची

पावसाळ्यात दहिसरला ताप आला आणि अंग ठणकायला लागलं, की केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी निर्धास्तपणे घरी येते. पण रुग्णालयात आईला किंवा वडिलांना मॉर्फिन सुरू करायचं म्हटलं, की त्याच घराच्या पोटात गोळा येतो. ही भीती भलत्या जागी आहे. ताप डेंग्यूचा असेल तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. लेप्टोस्पायरोसिस असेल तर आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो. म्हणूनच अशा तापात डॉक्टर पॅरासिटामॉल देतात, आणि तेही मोजून.

मॉर्फिनचे धोके खरे आहेत, पण रुग्णालयात त्यांच्यावर नजर असते. मात्रा बेताने वाढवतात, गुंगी आणि श्वास तपासतात, गरज पडल्यास नॅलोक्सोन हा उताराही हाताशी असतो. बद्धकोष्ठता मात्र हटकून होते, म्हणून रेचक सुरुवातीपासूनच द्यावं लागतं. ‘सवय लागेल’ या धास्तीत दोन गोष्टींची गल्लत होते. शरीराला औषधाची सवय होते, ती मात्रा हळूहळू उतरवून सोडवता येते. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही न आवरणारी ओढ. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट आला’ हेही खरं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बरे होऊन घरी जाणाऱ्यांनाही ते दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगासाठी मांडलेल्या वेदनाशामकांच्या पायऱ्याही वेदनेच्या तीव्रतेवर ठरतात, किती दिवस उरले यावर नाही.

अमेरिकेत अशाच औषधांनी हाहाकार माजवला, हा आक्षेप रास्त आहे. तिथे दीर्घकालीन दुखण्यांसाठीही ती सढळ हाताने लिहून दिली गेली. आपल्याकडे नेमकं उलट घडलं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन अडकलं आणि 1997 पर्यंत देशभरातला वर्षाचा वापर सुमारे 18 किलोवर आला. नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने, मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू पिकवणाऱ्या देशात हे व्हावं, याचा संताप येतो. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी केली. तरी परळच्या टाटा रुग्णालयातून दहिसरला परतणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांनी डिस्चार्जआधीच विचारून घ्यावं: गोळ्या किती दिवसांच्या आहेत, संपल्यावर जवळ कुठे मिळतील आणि रात्री वेदना उसळली तर जादा मात्रा किती द्यायची.