जनरेटरचा धूर नेमका जातो कुठं?

काही वर्षांपूर्वी एका लग्नात घडलेली गोष्ट. मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली आणि हॉलच्या मागं जुनं, काळा धूर ओकणारं जनरेटर चालू. बायकांची जेवणं मागच्या खोलीत सुरू होती. दाराला जाड पडदा, खिडकीत कूलर. तासाभरात दोन-तीन जणींचं डोकं गच्च झालं, एका मुलीला उलटी झाली. कुणी म्हणालं बिर्याणी जड झाली, कुणी म्हणालं ऊन लागलं, एका खालाजींनी तर नजर उतरवायला मिरच्या मागवल्या. सगळ्यांना बाहेर लिंबाखाली आणून बसवलं तेव्हा हळूहळू बरं वाटू लागलं.

मागं जाऊन पाहिलं, तर इंजिनातून निघालेला धुराचा पाइप सायलेन्सरला जोडतात तिथं बोटभर चीर पडली होती. तिच्यावर पत्र्याचा तुकडा गुंडाळून तार आवळलेली. तिथून चार हातांवर कूलर. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, त्यामुळं तो धूर ओढून थेट आपल्या माय-बहिणींच्या अंगावर सोडत होता.

आपल्या मंठ्यात काय किंवा आसपासच्या गावांत काय, जनरेटर नाही अशी जागा कमी. लग्नाचे हॉल, मशिदी, मदरसे, दवाखाने, दुकानं, सगळीकडं तो असतो. डिझेल किती आहे हे आपण रोज पाहतो, वर्षातून एकदा ऑइलही बदलतो. पण धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाकडं कुणी बघत नाही. म्हणून आज त्या पाइपाविषयी थोडं सविस्तर.

न दिसणारा धूर

धुराची काजळी डोळ्यांना दिसते, नाकाला झोंबते, म्हणून माणूस आपोआप बाजूला होतो. खरा घात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू करतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंधन नीट जळलं नाही की तो तयार होतो. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या जनरेटरमधून तो खूप निघतो. डिझेलमधून तुलनेनं कमी निघतो, पण इंजिन जुनं असेल, फिल्टर चोंदलेला असेल आणि खोली बंद असेल, तर तोही पुरेसा होतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे ऑक्सिजनची जागाच तो बळकावून बसतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, हातपाय गळून जातात. पुढं झोप आल्यासारखं वाटतं, आणि ती झोप शेवटची ठरू शकते.

रमजानमध्ये तर आणखी फसगत होते. तरावीहच्या वेळी लाइट जाते, जनरेटर सुरू होतं, आणि एखाद्याचं डोकं दुखलं तर आपण म्हणतो, दिवसभराचा रोजा आहे, पाणी कमी पडलं असेल. ते खरंही असू शकतं. पण एकाच खोलीतल्या तिघा-चौघांचं डोकं एकाच वेळी दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटत असेल, तर रोज्याला दोष देण्याआधी जनरेटरकडं बघा.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून ते आत झोपले होते. जनरेटरचा हा वायू गाडीच्या तळाला असलेल्या छिद्रातून आत शिरला होता, असं तपासात पुढं आलं. एवढंसं छिद्र दोन जिवांना पुरलं.

पाइप फाटतो का?

इंजिन चालताना थरथरतं. ते रबरी पायांवर बसवलेलं असतं म्हणून जागच्या जागी हलतं. सायलेन्सर आणि वर जाणारा लोखंडी पाइप मात्र भिंतीला घट्ट आवळलेला. एक हलणारा आणि एक न हलणारा, या दोघांच्या मध्ये एक लवचिक तुकडा लागतो. त्याला फिटर लोक बेलो किंवा फ्लेक्झिबल पाइप म्हणतात. तो स्टेनलेस स्टीलचा, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा असतो.

शिवाय धुराची उष्णता. भरपूर लोड असताना डिझेल इंजिनाचा धूर चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो. लोखंडाचा एक मीटर पाइप दर शंभर अंशांना साधारण १.२ मिलिमीटर वाढतो. म्हणजे पाच मीटरचा पाइप चारशे अंशांनी तापला तर जवळपास २४ मिलिमीटर, बोटाच्या पेराएवढा लांबतो, आणि जनरेटर बंद झालं की परत आखडतो. हा सगळा ताण बेलो सोसतो. वर्षानुवर्षं ताणून-आखडून एक दिवस तो घडीवर तडकतो.

मुंबईत किंवा कोकणात राहिलेले काही जण विचारतात, मोटरबोटीत धुरासाठी रबरी होज लावतात, मग जनरेटरला का नको? प्रश्न रास्त आहे. ज्या बोटीचं इंजिन आत बसवलेलं असतं, तिच्यात बहुतेक वेळा इंजिन थंड करून आलेलं पाणी पुढं धुराच्या पाइपातच सोडतात. धूर तिथंच निवतो, म्हणून रबर टिकतं. तो होजसुद्धा पाण्यासाठीचा साधा नसतो, धुरासाठी खास बनवलेला असतो. आणि तो चिरला की बोटीत पाणीही येतं आणि वायूही. आपलं जनरेटर कोरडा, तापलेला धूर सोडतं. तिथं रबराचा किंवा पीव्हीसीचा पाइप लावणं म्हणजे आगीला आवतण.

कसं ओळखायचं

एक, जोडावर काळे ओघळ. काजळी जिथं बाहेर पडते तिथं खूण सोडतेच.

दोन, आवाज. इंजिनाच्या ठेक्याबरोबर फुस्-फुस् असा वेगळा आवाज आला तर कुठंतरी चीर आहे.

तीन, साबणाचं पाणी. सकाळी जनरेटर पूर्ण थंड असताना जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा आणि मग चालू करा. पहिल्याच मिनिटात, पाइप तापण्याआधी, जिथं बुडबुडे येतील तिथं गळती. तापल्यावर पाणी टाकू नका, वाफेनं भाजेल.

बदलताना

हे काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्या. पण तो काय करतो हे आपल्याला कळलं पाहिजे, म्हणजे उभं राहून नीट करून घेता येतं.

सगळ्यात आधी बॅटरीची मायनस वायर काढायची. हल्ली बऱ्याच जनरेटरना लाइट गेली की आपोआप चालू होणारं पॅनेल असतं. फिटरचा हात आत असताना लाइट गेली तर काय होईल, याचा विचार करा. मग पाइप पूर्ण थंड होऊ द्यायचा, दोन-तीन तास तरी.

पाइपावर जुनी दोरी किंवा कापडासारखं वेष्टण असेल तर ते अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. कोरडं फाडलं की त्याचे बारीक तंतू उडतात आणि ते फुफ्फुसाला घातक असतात. पाण्यानं ओलं करून, तोंडाला चांगला मास्क लावून काढायचं आणि पिशवीत बंद करायचं. पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही.

जुना बेलो सोबत घेऊनच जालन्याला जा. आतला व्यास, लांबी आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर, ही तिन्ही मापं जुळली पाहिजेत. "थोडा बारीक आहे, चालतंय" असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. धुराची वाट अरुंद झाली की तो उलटा इंजिनावर दाब देतो, इंजिन तापतं, डिझेल जास्त खातं आणि धूरही जास्त काळा होतो.

बसवताना गॅस्केट नवीच घ्यायची, जुनी परत वापरायची नाही. आधी दोन्ही बाजूंचे पाइप सरळ रेषेत आणायचे, मग बेलो मध्ये बसवायचा. तो पिळलेला नको, ताणलेला नको, आणि सायलेन्सरचं वजन त्याच्यावर नको. वजनाला भिंतीवर किंवा छताला वेगळा आधार हवा. बोल्ट एका बाजूनं ओळीनं न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. बेलोवर बाणाची खूण असेल तर ती धूर जातो त्या दिशेला ठेवायची. नंतर ग्लास वूल आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे कुणाचा हात भाजणार नाही.

पुन्हा साबणाच्या पाण्याची तपासणी. अर्धा तास लोडवर चालवून बंद करायचं आणि थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे. ही शेवटची पायरी घाईत राहून जाते.

तोंड कुठं असावं

पाइप नवा घातला आणि त्याचं तोंड खिडकीखाली सोडलं, तर केलेलं सगळं वाया. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा यासाठी हिशेब आहे: जनरेटर किती केव्हीएचं आहे त्याचं वर्गमूळ काढा, त्याला ०.२ नं गुणा. जेवढे मीटर येतील तेवढं धुराडं इमारतीच्या उंचीच्याही वर हवं. २५ केव्हीएला वर्गमूळ ५, म्हणजे १ मीटर वर. १०० केव्हीएला २ मीटर. आठवी-नववीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे. तोंडावर पावसाची झडप ठेवा. कूलर, खिडकी आणि बायकांच्या बाजूची कनात यांच्यापासून धूर लांब गेला पाहिजे. मंडपात आणलेलं भाड्याचं जनरेटर तर कनातीला टेकवून कधीच उभं करू नका. आणि छोटं पेट्रोलचं जनरेटर दुकानात, ओसरीत किंवा जिन्याखाली, शटर अर्धं उघडं ठेवूनसुद्धा चालवायचं नाही.

कुणाला त्रास झालाच तर

आधी जनरेटर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळं माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना "जनरेटरजवळ होते" हे वाक्य न विसरता सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच. गरोदर बाई असेल तर अजिबात वेळ घालवू नका, पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

जीव वाचवणं, हिफ्ज-ए-नफ्स, हा शरीयतच्या मूळ हेतूंपैकी एक, असं आपण बयानात ऐकतो. मशीद कमिटीच्या, हॉलच्या आणि मदरशाच्या जबाबदार मंडळींना म्हणूनच एक विनंती. रमजानच्या आधी आणि लग्नसराईच्या आधी, वर्षातून दोनदा हा पाइप तपासा. बेलो बदलला की ऑइलपेंटनं भिंतीवर तारीख लिहून ठेवा. आणि या कामाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.