यंत्राची रेघ जिवंत का वाटते?

पट्टीने ओढलेली आणि हाताने ओढलेली रेघ यांतला फरक डोळा क्षणात ओळखतो. हाताची रेघ जरा भरकटते, लगेच सावरते. ब्रिटिश चित्रकार हॅरॉल्ड कोहेन यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात हे सावरणेच संगणकाला शिकवले. त्यांच्या ‘आरॉन’ या प्रोग्रॅममध्ये रेघेचा मार्ग आधीपासून आखलेला नसे. सायकल चालवणारा पुढे बघत हँडल सतत किंचित वळवतो, तसा आरॉन दर छोट्या टप्प्याला आपण कुठे आहोत आणि कुठे पोहोचायचे आहे हे ताडून दिशा बदलत असे. आकार बंद की उघडा, आतले काय नि बाहेरचे काय, याचेही नियम त्यात होते. साठवलेले चित्र मात्र एकही नव्हते. यंत्र कागदावर शाईने रेखाटने करी आणि त्यांतल्या कित्येकांत कोहेन स्वतः रंग भरत.

रेघ नुसती थरथरवली तरी हाच परिणाम साधेल, असे कुणी म्हणेल. साधत नाही. दिशाहीन थरथर फक्त कंप वाटते. चुकल्यावर पुन्हा लक्ष्याकडे वळण्यात हेतू दिसतो, आणि डोळा तोच हेरतो. मग यंत्राच्या रेघेतला हा हेतू कुणाचा, चित्रकार कोण? आजचे चित्रे बनवणारे प्रोग्रॅम असंख्य तयार चित्रांवरून शिकतात. आरॉनमधला प्रत्येक नियम मात्र एका चित्रकाराने आकारांचा विचार करून लिहिला होता, म्हणून माझ्या मते श्रेय कोहेन यांचेच. पुढे त्यांनी यंत्राकडून रंगही भरून घेतले. अखेरच्या वर्षांत मात्र आरॉनच्या रेखाटनांत ते टचस्क्रीनवर स्वतःच्या बोटांनी रंग भरू लागले.