नवी कवळी आणि आपलं बोलणं

गटाच्या बैठकीत एरवी ठणकावून हिशेब विचारणाऱ्या मावशी नवी कवळी बसवली की तोंडाला पदर लावून गप्प बसतात. शब्दातून हवा सुटते, कवळी हलते, कोणी हसेल असं वाटतं. पण गप्प राहून सवय व्हायची कशी?

वरच्या कवळीची पाटी टाळूवर बसते, त्यामुळे जिभेला जागा कमी पडते. म्हणून 'स', 'श', 'त', 'द' म्हणताना ती अडखळते. सुरुवातीला लाळही जास्त सुटते. बहुतेकींचं हे काही आठवड्यांत जुळून येतं.

रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्यानं, सावकाश बोला. साठ ते ऐंशी आकडे म्हणा. सहासष्ट, सदुसष्ट, सत्त्याहत्तर ही 'स'ची चांगली तालीम. जात्यावरच्या ओव्या म्हणा. बोलण्याआधी आवंढा गिळा, म्हणजे कवळी जागेवर बसते.

हिरडी दुखली किंवा कवळी सैलच राहिली, तर घरी कानशीनं घासू नका. दातांच्या डॉक्टरांकडून नीट करून घ्या.

बाकीच्या जणींनी हसू नये, वाक्य पुरं होऊ द्यावं. आणि पुढच्या बैठकीत जमा रकमेचे आकडे मावशींनाच वाचायला द्यावेत.