पक्की वही तिजोरीत, कच्ची वही कार्डावर

बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो. एक किल्ली ग्राहकाकडे असते, दुसरी बँकेकडे. आणि लॉकर भाड्याचा असल्यामुळे या व्यवस्थेत कोणाला काही गैर वाटत नाही. परंतु पूर्ण किंमत मोजून, पावती घेऊन घरी आणलेल्या वस्तूची दुसरी किल्ली जर कंपनीनेच स्वतःपाशी ठेवली असेल, तर त्या वस्तूचा मालक नेमका कोण? मुले ज्या गेम कन्सोलवर सुटीची दुपार घालवितात, त्या छोट्याशा यंत्राने हा प्रश्न जगापुढे उभा केला आहे. खरेदी, मालकी आणि सचोटी यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो, अशा व्यापारी कुटुंबांनी तो समजून घ्यावा असाच आहे.

यंत्र सुरू होताच त्याच्या प्रत्येक भागाला काय करावयाचे याची आज्ञा देणारी जी मूळ आज्ञावली, तिला फर्मवेअर म्हणतात. कोणता खेळ चालू द्यावा आणि कोणता नाकारावा, हे तीच ठरविते. कंपनीची सांकेतिक सही असल्याखेरीज ती कोणत्याही प्रोग्रॅमला आत घेत नाही. ही सही म्हणजेच लॉकरची दुसरी किल्ली. स्वतंत्र तज्ज्ञांनी या आज्ञावलीत फेरफार करून, सही नसलेले प्रोग्रॅमही चालतील अशी जी आवृत्ती तयार केली, तिला ‘कस्टम फर्मवेअर’ असे नाव पडले.

कुलपातील उणीव

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे निन्टेंडो स्विच. १८८९ मध्ये जपानच्या क्योटो शहरात हानाफुदा नावाचे पत्ते बनविण्यापासून सुरू झालेल्या निन्टेंडो कंपनीने हे यंत्र ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आणले. पुढे त्याची विक्री १५ कोटींच्या पलीकडे गेली. पहिल्या स्विचची अंतर्गत साठवण ३२ जीबी होती आणि अधिक जागेसाठी मायक्रोएसडी कार्डाची खाच दिलेली होती. यंत्राचा मेंदू म्हणजे एनव्हिडिया कंपनीची ‘टेग्रा एक्स१’ ही चिप.

चिपमध्ये अगदी आरंभी चालणारी एक लहानशी आज्ञावली कारखान्यातच कोरलेली असते. यंत्र ग्राहकाच्या हाती गेल्यावर तिच्यात दुरुस्ती करण्याची सोय जवळजवळ नसतेच. बिघडलेले यंत्र यूएसबीच्या तारेने पुन्हा चालू करता यावे म्हणून तिच्यात एक दुरुस्तीची वाट ठेवलेली होती. त्या वाटेने माहिती मागताना मागणाऱ्याने जी लांबी सांगितली, ती राखून ठेवलेल्या जागेत मावते की नाही, हे चिप तपासत नव्हती. मावत नसलेली माहिती शेजारच्या जागेवर सांडे आणि तिथे लिहिलेल्या आज्ञा पुसून नव्या आज्ञा बसविता येत. धनादेशावरील रक्कम खात्यातील शिलकेशी न ताडता रोखपालाने पैसे मोजून द्यावेत, तसाच हा प्रकार.

केट टेमकिन आणि त्यांचे सहकारी यांनी ही उणीव शोधून काढली. आधी संबंधित कंपन्यांना कळवून एप्रिल २०१८ मध्ये ती जाहीर करण्यात आली. त्याच सुमारास ‘फेलओव्हरफ्लो’ या दुसऱ्या गटानेही स्वतंत्रपणे लागलेला तोच शोध प्रसिद्ध केला. त्या वर्षाच्या मध्यापासून तयार झालेल्या यंत्रांत कंपनीने ही वाट बंद केली. पण तोवर लाखो यंत्रे घरोघर पोहोचली होती.

कार्डावरची नकल

यानंतर ‘ॲटमॉस्फिअर’ नावाची कस्टम फर्मवेअर तयार झाली. ती विनामूल्य असून तिचा संपूर्ण मजकूर कोणालाही वाचता येतो. तिची खुबी अशी की ती यंत्राच्या आतील साठवणीत बसवावीच लागत नाही. तिच्या सर्व फायली मायक्रोएसडी कार्डावर असतात. संगणकातून तारेने एक छोटी आज्ञावली यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत धाडली जाते. ती कार्ड वाचते, मूळ फर्मवेअर उचलते आणि तिचे मोजके भाग बदलून यंत्र सुरू करते. यंत्र पूर्ण बंद केले की तात्पुरती स्मृती पुसली जाते आणि पुढच्या वेळी ते नेहमीच्या रीतीनेच सुरू होते.

२०१९ मध्ये यात आणखी एक सोय आली. तिच्यामुळे यंत्राच्या आतील साठवणीची संपूर्ण नकल कार्डावर उतरविता येते आणि यंत्राचे सारे वाचणे-लिहिणे त्या नकलेकडे वळविता येते. पेढीवर जशी कच्ची वही आणि पक्की वही, तसेच हे. खाडाखोड, प्रयोग, चुका या सर्व कच्च्या वहीत होतात. पक्की वही तिजोरीत जशीच्या तशी राहते. अर्थात नकल ३२ जीबीच्या साठवणीची असल्याने कार्ड निदान ६४ जीबीचे घेतले जाते. बाजारात मोठा आकडा छापलेली परंतु तेवढी जागा नसलेली बनावट कार्डेही विकली जातात. अशा कार्डावर नकल उतरविली, तर ती मध्येच नासते आणि खेळातील महिनोन्महिन्यांची प्रगती नष्ट होते.

दोन वापर, दोन हेतू

हा खटाटोप लोक कशासाठी करतात? काहींना स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम चालवून पाहावयाचे असतात, काहींना आपल्या खेळांच्या नोंदींची प्रत सुरक्षित ठेवावयाची असते. त्यामागे अनुभवही आहे. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ वर आरंभी लिनक्स चालविण्याची सोय होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन शाळेने अशी सतराशेहून अधिक यंत्रे जोडून २०१० मध्ये एक महासंगणक उभारला होता. त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने नव्या आवृत्तीद्वारे ही सोय काढून टाकली. विकत घेतलेल्या वस्तूतील एक गुण विक्रीनंतर परत घेतला गेला. पुढे २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने आपल्या ३डीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने नव्या खरेदीसाठी बंद केली. केवळ तिथेच मिळणारे कित्येक खेळ त्या दिवसापासून रीतसर विकत घेणेच अशक्य झाले.

दुसरा वापर मात्र सरळ चोरीचा आहे: पैसे न देता इतरांच्या श्रमाचे खेळ उतरवून घेणे. ‘टीम एक्झेक्युटर’ या गटाने त्याचा धंदाच मांडला. स्विचवर नकली खेळ चालविणारी साधने हा गट विकत असे. गटातील गॅरी बाउझर या कॅनडाच्या नागरिकाला सप्टेंबर २०२० मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला ४० महिन्यांची कैद सुनावली. फौजदारी खटल्यात ४५ लाख डॉलर आणि दिवाणी दाव्यात १ कोटी डॉलर, असे एकूण १ कोटी ४५ लाख डॉलरचे देणे त्याच्या माथी आले. सात वर्षांत त्याच्या स्वतःच्या हाती पडलेली रक्कम होती सुमारे ३ लाख २० हजार डॉलर. म्हणजे मिळकतीच्या पंचेचाळीस पट कर्ज. २०२३ मध्ये तो सुटला. देणे सुटले नाही.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात संरक्षक कुलूप तोडणे हीच मुळात बंदी घातलेली गोष्ट आहे. सवलती ठरावीक काळाने आणि ठरावीक बाबींपुरत्या दिल्या जातात. भारतीय कायद्याची भाषा वेगळी आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. येथे ‘हेतू’ हा शब्द कळीचा आहे. कलम ५२ कायदेशीर धारकाला प्रोग्रॅमची राखीव प्रत करण्याची मुभा देते, तीही नाश किंवा नुकसान यांपासून तात्पुरत्या बचावापुरतीच. कलम ६३ब मात्र प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंतची कैद सांगते. विकणाऱ्याचाच दोष, वापरणाऱ्याचा नाही, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

कायद्याखेरीज व्यवहाराचाही हिशेब आहे. प्रत्येक स्विचमध्ये त्या यंत्रापुरते एक ओळखपत्र असते. कंपनीला फेरफार आढळला, तर त्या यंत्राला ऑनलाइन सेवेतून कायमचे वगळले जाते. खाते बदलून उपयोग होत नाही, कारण बंदी यंत्रावर असते. असे यंत्र पुढे जुन्या बाजारात स्वस्तात विकले जाते आणि भुर्दंड अजाण ग्राहकाला बसतो. म्हणून जुने यंत्र घेताना ते दुकानातच इंटरनेटला जोडून, ऑनलाइन सेवा उघडते की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि घरातील मुलाने ‘बाबा, आतले काहीच बिघडत नाही, सगळे कार्डावरून चालते’ असे सांगितले, तर ते तांत्रिकदृष्ट्या बरेचसे खरे आहे, हे वडिलांनी मान्य करावे. ज्या जिज्ञासेने मूल यंत्राच्या पोटात डोकावते, तिच्यातूनच उद्याचा अभियंता घडतो. तिला सरसकट चोरीचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. मात्र पुढचा प्रश्न त्याला अवश्य विचारावा: कार्डावर जे खेळ आहेत, त्यांची पावती कुठे आहे? कच्ची वही ठेवण्यात गुन्हा नाही. पण तिच्यातही दुसऱ्याचा माल आपल्या नावे लिहिता येत नाही, हे पेढीवर वाढलेल्या मुलाला समजावून सांगायला फार वेळ लागू नये.