नंबर कोणाचा

सकाळचे साडेनऊ. विरार पश्चिमेला आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या झेरॉक्सच्या दुकानात बाकावर जागा उरलेली नाही. पाटीवर टायपिंग, डीटीपी, लॅमिनेशन आणि सगळ्यांत ताज्या रंगात ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. भिंतीवर एमएस-सीआयटीचं जुनं प्रमाणपत्र आहे. २००१ साली तो कोर्स आला तेव्हा संगणक शिकला की नोकरी लागते, असं घराघरांत बोललं जाई. आज बाकावर बसलेल्या कोणालाही संगणक शिकायचा नाही. प्रत्येकाचं काहीतरी काम अडलंय.

पहिल्या आहेत अर्नाळ्याच्या मावशी. मासळीची टोपली शेजारणीच्या ताब्यात देऊन आल्यात, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेली ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी राहून गेलीय आणि महिन्याचे १५०० रुपये थांबायला नकोत. मालकांची मुलगी भराभर आधार क्रमांक टाकते.

‘‘मावशी, ओटीपी सांगा.’’

मावशी कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढतात. त्यावर काहीच आलेलं नाही. आधारला नंबर थोरल्या मुलाचा आहे आणि मुलगा आत्ता चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये उभा आहे. फोन लागतो. ‘‘आई, गर्दीत खिशात हात जात नाही गं, अंधेरीला उतरलो की बघतो.’’ तोवर ओटीपीची मुदत संपते. नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागणार, आणि तोही त्याच खिशात जाणार.

‘‘शिकून घ्या की आता थोडं, आजकाल सगळं मोबाइलवरच असतं,’’ बाकावरून कोणीतरी म्हणतं. मला हे ऐकवत नाही. कारण मावशी शेजारच्या बाईला सांगतायत ते मी मघापासून ऐकतेय. त्यांच्या टोपलीला क्यूआर लावलेला आहे. एकदा एका गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा खोटा फोटो दाखवून पापलेटं नेली. तेव्हापासून बोलणारा डबा आणलाय आणि डब्याने मराठीत रक्कम सांगितल्याशिवाय पिशवी हातात देत नाहीत. व्यवहार कसा तपासायचा हे या बाईला कोणी शिकवायची गरज नाही.

‘‘डबा ओरडतो एवढे आले म्हणून,’’ त्या म्हणतात. ‘‘खातं पोराचं. माझ्या हाताला काय लागत नाय. बर्फाला पैसे हवे तर त्यालाच मागायचे.’’

मुलगा वाईट आहे असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. घरात स्मार्टफोन एकाकडे होता, म्हणून बँकेला, गॅसला, आधारला, सगळीकडे त्याचाच नंबर दिला गेला. सोय म्हणून दिलेला तो नंबर आता घरातल्या बाईच्या प्रत्येक कामावर सहीसारखा लागतो. बायका नवं तंत्र घ्यायला कचरतात अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

मधल्या वेळात मुलगी बाकावरच्या एका काकांना पुढे बोलावते. वालीवच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेलं, ईपीएस-९५ची पेन्शन. लोखंड हाताळून बोटांच्या रेषा झिजल्यात, अंगठ्याचं यंत्र त्यांना ओळखतच नाही. हयातीचा ऑनलाइन दाखला देणाऱ्या जीवन प्रमाणची सोय २०१४ साली आली तरी त्यांना बरीच वर्षं कागदी दाखल्यासाठी रांग लावावी लागली. आता चेहऱ्यावरून होतं. मुलगी आधी स्वतःचा चेहरा दाखवते, मग फोन त्यांच्यासमोर धरते.

‘‘काका, डोळ्यांची उघडझाप करा.’’

काका श्वास रोखून, एकेकदा नीट पापण्या मिटतात. झालं. त्यांच्या खिशातला फोन वाजतो, प्रमाण आयडी आलेला असतो. चष्मा वर करून ते आकडे स्वतः मोठ्याने वाचतात.

‘‘प्रिंट दे. लॅमिनेशन पण कर.’’

‘‘काका, कागद कुठे द्यावा लागत नाही आता.’’

‘‘द्यायला नको, मला हवाय.’’

मुलगी वाद घालत नाही. कागद लागत नाही हे तिचं बरोबर आहे, पण पेन्शन अडली तर ऑफिसात दाखवायला हातात काही हवं, हा त्यांचा अनुभवाचा हिशेब आहे.

अंधेरीहून फोन येतो. मुलगा सहा आकडे सांगतो, मुलगी टाकते, दुसरे सहा येतात. पडद्यावर हिरवी खूण उमटते. बाक सुटकेचा श्वास सोडतो, मावशी मात्र उठत नाहीत.

‘‘बाय, आधारवर माझा नंबर टाकायचा तर काय करायचं?’’

‘‘स्मार्टफोन नको त्याला, हा बटणांचासुद्धा चालतो. कागदपत्रंही लागत नाहीत. तुम्ही स्वतः केंद्रावर जायचं. नाहीतर पोस्टमनला सांगा, तो घरी येऊन करून देतो.’’

‘‘आमचा पोस्टमन?’’ मावशी फोन पिशवीत टाकतात. ‘‘तो रोज माझ्यासमोरून जातो. सकाळी येतो की दुपारी, तेवढं विचारून ठेवते. दुपारी मी बाजारात असते.’’