पावाचा तुकडा आणि नावांची वही

आषाढीला निघालेली शेगावची पालखी परभणी, गंगाखेड करत पंढरीकडे जाते. ती बघत वाढल्यामुळे असेल, माणूस आपणहून एखाद्या पंथात, मंडळीत का शिरतो हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. वारकऱ्याची माळ गळ्यात असते. ती कोणाच्या हातून घातली, हे गावाला ठाऊक असतं. पण समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? भजनात एक असलेली दिंडी जेवायला बसताना ब्राह्मण-मराठा अशी वेगळी होते. सगळं अडतं ते पंगतीत.

ही पंगतीची गाठ त्याआधी शंभर वर्षं मुंबईतल्या काही तरुणांनी सोडवायला घेतली होती. परमहंस सभा, १८४९, संस्थापक दादोबा पांडुरंग तर्खडकर, एवढं आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. मला धरून ठेवलं ते तिच्या प्रवेशविधीनं. नव्या सभासदानं जातिभेद न पाळण्याची शपथ घ्यायची, ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. सारं बंद दाराआड.

पाव आज कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो, म्हणून त्या घासाचं वजन आपल्याला कळत नाही. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला. कोर्टानं त्याला परत घरी दिलं, पण जात घेईना. प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. वाळीत पडलेल्याला सोयरीक नाही, श्राद्धाला भटजी नाही, मेल्यावर खांदा द्यायला माणूस नाही. अशा काळात एकट्यानं पाव खाणं म्हणजे सर्वनाश. दहाजणांनी एकमेकांसमोर खाल्ला, तर निदान त्या दहाजणांची एक नवी जात तयार होते. लोक सभेत आले ते यासाठी, असं मला ठामपणे वाटतं. सभेला मान्य असलेल्या एकेश्वरवादाची पुस्तकं काय, घरी बसूनही वाचता येत होती.

सभेचे अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं नसतं, तर हे नाव पार पुसलं गेलं असतं. दादोबांची विद्वत्ता मोठी खरीच. पण मंडळी जमवणं, गुपित राखणं, भ्यालेल्याला धीर देणं हे काम अध्यक्षाच्या वाट्याचं, आणि आपला इतिहास त्या कामाला फार कमी मोजतो. पुणे, अहमदनगर, बेळगावपर्यंत सभेच्या शाखा गेल्या. संख्या पुरेशी झाली की उघडपणे बाहेर यायचं, हा बेत होता.

तो दिवस आला नाही. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, त्यांत सभासदांची नावं होती. ती फुटताच सभा मोडली. ज्यांनी पाव खाण्याचं धाडस केलं, त्यांना आपलं नाव चारचौघांत वाचलं जाणं सोसलं नाही. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी पुढचा एक प्रसंग आठवावा. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला आणि हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. मग जातबहिष्काराचं ग्रामण्य उठलं आणि त्यात न्यायमूर्ती रानड्यांनीसुद्धा प्रायश्चित्त घेतलं.

परमहंस सभेतले काहीजण १८६७ मध्ये प्रार्थना समाजात उघडपणे एकत्र आले. अध्यक्ष झाले दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. मात्र प्रवेशासाठी जात मोडण्याची अट आता नव्हती. पावाचा तुकडा गेला, समाज टिकला. या सौद्याची मला आजही हळहळ वाटते. पण विद्यार्थिदशेत परमहंस सभेत गेलेले रा. गो. भांडारकर याच समाजाचे पुढारी झाले, आणि १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी सगळ्यांदेखत लावून दिला.