अवतार बघून परत पाठवलं

आपल्यापैकी अनेकांनी बाबा बुल्ले शाह यांचा कलाम वडाली बंधूंच्या आवाजात ऐकलाय. पूरनचंद आणि प्यारेलाल, अमृतसरजवळच्या गुरू की वडाली गावचे. थोरला आखाड्यातला पैलवान, पण उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्याकडे शिकलेला. धाकटा गावच्या रासलीलेत कृष्ण व्हायचा. दोघे जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला गेले. १८७५ पासूनचा तो जलसा! अवतार बघूनच त्यांना मंच नाकारला. मग ते तिथल्या देवळात हाजिरी म्हणून गायले. आकाशवाणीच्या अधिकाऱ्यानं ऐकलं, पहिलं रेकॉर्डिंग झालं. २००५ साली पूरनचंदांना पद्मश्री मिळाली.

आपल्या उरुसातही बाहेरचा नामी कव्वाल रात्रभर गातो. गावातल्या जोडीला आम्ही माइक देतो तो कधी? लोक जेवायला उठल्यावर.